गोण्यांवर उभं कॅथीड्रल

इंग्लंडच्या दक्षिणेला इचन नदीच्या खोऱ्यात विंचेस्टर वसलं आहे. तिथल्या कॅथीड्रलचं बांधकाम १०७९ मध्ये सुरू झालं. लांबी जवळजवळ १७० मीटर. १९०५ च्या सुमारास या इमारतीच्या पूर्वेकडच्या भागाला मोठमोठ्या भेगा गेल्या. भिंती बाहेरच्या बाजूला कलल्या आणि छताच्या कमानींतले दगड सुटून खाली पडू लागले. वास्तुविशारद टॉमस जॅक्सन यांनी भिंतीलगत खड्डा खणून पाया पाहायचं ठरवलं.

खड्ड्यात सापडले लाकडाचे ओंडके. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप गॉडफ्री द ल्यूसी यांनी इमारत पूर्वेकडे वाढवली, तेव्हा जमीन दलदलीची होती. गवंड्यांनी बीचच्या झाडांचे ओंडके आडवे टाकून त्यांचा तराफा केला आणि त्यावर भिंती चढवल्या. तराफ्याखाली पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा, मऊ थर. त्याच्या खाली गोट्यांचा कठीण थर. सातशे वर्षं भिंतींचं ओझं त्या मऊ थरावर दाबत राहिलं आणि तो जागोजागी कमीजास्त खचला. भेगा वर दिसत होत्या, दुखणं जमिनीत होतं.

पाया गोट्यांच्या थरापर्यंत न्यायचा, हे उघड होतं. पण पीट फोडलं की खालचं पाणी जोराने खड्ड्यात चढायचं. पंप लावून उपसा करून पाहिला, तर पाण्याबरोबर बारीक माती आणि गाळही येऊ लागला. ज्या जमिनीवर भिंत टेकली होती, तीच पंपातून बाहेर जात होती. उपसा चालू ठेवला असता तर कॅथीड्रल वाचवता वाचवता पाडलं गेलं असतं.

जॅक्सन यांच्या मदतीला आलेले अभियंते फ्रान्सिस फॉक्स यांनी इथे जो निर्णय घेतला, त्यासाठी मला हा माणूस मोठा वाटतो. पाणी आहे तिथेच राहू द्यायचं आणि पाण्यातच पाया घालायचा. त्यासाठी पाणबुड्या बोलावला. त्यांचं नाव विल्यम वॉकर.

एप्रिल १९०६ पासून सप्टेंबर १९११ पर्यंत वॉकर रोज सुमारे सहा तास त्या खड्ड्यांत उतरत होते. अंगावर तांब्या-पितळेचं शिरस्त्राण, शिशाचे जोडे आणि वजनं, असा नव्वदएक किलोचा पोशाख. खोली सहा मीटरपर्यंत. पीट कालवलेलं ते पाणी इतकं काळं, की दिव्याचा उपयोग नाही. सगळं हाताने चाचपून करायचं. आधी पीट काढून तळ गोट्यांच्या थरापर्यंत साफ करायचा. मग वरून काँक्रीटच्या गोण्या खाली सोडल्या जायच्या. वॉकर त्या एकमेकींना भिडवून अंथरायचे, सुरीने फाडायचे, म्हणजे आतलं काँक्रीट एकजीव होऊन धरायचं. त्यावर पुन्हा गोण्या. असे थर पक्के झाले की तळातून येणारं पाणी अडायचं. मगच खड्डा उपसायचा. तळ बंद झालेला असल्यामुळे आता माती सरकत नसे. कोरड्या खड्ड्यात गवंडी उतरून काँक्रीटचे ठोकळे आणि विटा रचत जुन्या भिंतीच्या बुडापर्यंत काम भिडवत.

एका वेळी थोडीच लांबी उघडायची, म्हणजे शेजारची जमीन भिंतीचा भार पेलत राहते. असे २३५ खड्डे झाले. २५,८०० गोण्या, १,१४,९०० ठोकळे आणि सुमारे ९ लाख विटा जमिनीखाली गेल्या. वर तोवर लाकडी धिरे देऊन भिंती आणि कमानी तोलून धरल्या होत्या.

भेगांमध्ये फॉक्स यांनी दाबाने पातळ सिमेंट भरलं. जुन्या चुन्यातल्या बांधकामात सिमेंट घालताना आज जाणकार दहादा विचार करतील, आणि तो भाग वाचताना मीही अडखळतो. आपल्याकडे वाड्याला किंवा देवळाला भेग गेली की पहिली धाव सिमेंटकडेच असते. चुन्यातली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, आणि पाया होता तसाच खचत राहतो. विंचेस्टरला निदान आधी पाया खणून पाहिला.

शनिवार-रविवारी वॉकर सायकलवरून लंडनजवळच्या क्रॉयडनला घरी जात असत. १५ जुलै १९१२ ला, सेंट स्विदनच्या दिवशी, कॅथीड्रल वाचल्याबद्दल आभाराची प्रार्थना झाली. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढचे चाळीस दिवस पडतो, असं तिकडचे लोक मानतात. नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत वॉकर गेले. वय ४९. कॅथीड्रलमध्ये त्यांचा म्हणून बसवलेला छोटा पुतळा चुकून फॉक्स यांच्या चेहऱ्याचा घडला होता. तो बदलायला २००१ साल उजाडलं. ज्यांचं काम अंधारात पार पडलं, त्यांचा चेहराही इतकी वर्षं चुकीचा राहावा, याचं मला वाईट वाटतं.

कॅथीड्रलच्या तळघरात आजही हिवाळ्यात पाणी चढतं. तिथे अँटनी गॉर्मली यांचं एक शिल्प आहे, ओंजळीकडे पाहत उभा असलेला माणूस. पाणी त्याच्या पायांवरून वर येतं, काही आठवडे थांबतं आणि आपलं आपण उतरतं.