कुत्र्याच्या दातांसाठी स्वस्त काय?

साताऱ्यात पाळीव प्राण्यांच्या खाद्याचं माझं दुकान आहे. "काका, मोत्याच्या तोंडाला वास येतोय, चघळायला काहीतरी द्या, पण स्वस्तातलं," असं कुणी म्हणालं की मी आधी कुत्र्याचं वजन विचारतो. दात साफ करणाऱ्या चघळायच्या कांड्या वजनाप्रमाणे घ्यायच्या असतात. मोठी कांडी आणून दोन तुकडे करण्याची काटकसर अंगाशी येते. छोटा तुकडा कुत्रा न चावताच गिळतो. दात साफ होत नाहीत, वर घशात अडकायची भीती.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात. त्यांवर जंतूंचा मऊ, चिकट थर सतत बसत असतो आणि लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो. तेच किटण. कांडी फक्त मऊ थर खरवडते, म्हणून ती रोज द्यावी लागते. रविवारी लाड म्हणून दिलेल्या कांडीचा दातांना उपयोग शून्य. तेव्हा पाकिटाची किंमत पाहू नका, एका कांडीची काढा. समजा, २०० रुपयांत ७ कांड्या आल्या, तर महिन्याचे साडेआठशे झाले. परवडतंय का ते आता ठरवा. शिवाय कांडीही खाणंच आहे, तेवढं जेवण कमी करा. वरचा खाऊ दिवसाच्या उष्मांकाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

"वर्षभर पुरेल असं द्या," म्हणणारेही असतात. त्यांची नजर शिंग, खूर किंवा याकच्या दुधाच्या दगडासारख्या छुरपीवर जाते. माल माझाच, पण सांगतो: वरची मोठी दाढ अशाने उभी चिरते, मग रूट कॅनॉल करा नाहीतर दाढ काढा. नखाने दाबल्यावर खूण उमटेल, तेवढंच कडक द्यावं. चामड्याच्या रंगीत कांड्या सर्वांत स्वस्त. मात्र गिळलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो. मी त्या ठेवणं बंद केलंय.

पाकिटावर 'दातांसाठी' असं कुणीही छापतं. अमेरिकेतली व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था मात्र १९९७पासून चाचण्यांचे निकाल तपासून शिक्का देते. तो असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

खरं स्वस्त हवं असेल तर ब्रश घ्या. लहान मुलांचा मऊ ब्रशही चालतो. पेस्ट तेवढी कुत्र्यांचीच हवी. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड पोटात जायला नको, आणि काहींत असणारं झायलिटॉल तर कुत्र्याला विषच. एक ट्यूब बरेच दिवस जाते. रोज ब्रश केलात, तर कांडीवाचून अडत नाही.

हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असेल किंवा किटणाचा जाड थर दिसत असेल, तर दुकानात येऊ नका. आधी डॉक्टरांकडून भूल देऊन दात साफ करून घ्या. कांडीचं नंतर बघू.