‘निसर्ग आणि अध्यात्म’ हा विषय घेताय? आधी कवी कुठं उभा आहे ते बघा

इंग्रजीत पीएच.डी. करू बघणाऱ्यांशी परभणीत बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं : “ताई, निसर्गावर काम करायचंय, पण आपल्याकडं निसर्गच कुठाय?” जिंतूरकडचे डोंगर सोडले तर आपला जिल्हा म्हणजे काळी सपाट जमीन, कापूस, ज्वारी आणि गोदावरी. निसर्ग बघायला सहल महाबळेश्वरला!

हे वाक्य मीही बोललेय. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं ‘वर्ड्सवर्थच्या कवितेतील निसर्ग आणि अध्यात्म’. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “विषय कळला. प्रश्न कोणताय?” मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर सापडलं ते महाबळेश्वरमुळेच. तिथं काय बघायचं असतं? पॉइंट. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक. पॉइंट म्हणजे कड्यावरची अशी जागा, जिथून दरी चित्रासारखी दिसते आणि दरीत राबणारं माणूस दिसत नाही. त्याच डोंगरावर क्षेत्र महाबळेश्वरात पंचगंगेचं देऊळ आहे. तिथं लोक गोमुखातून पडणारं कृष्णेचं पाणी ओंजळीत घेतात. डोंगर एकच, पण एका ठिकाणी लांब उभं राहायचं आणि दुसऱ्या ठिकाणी जवळ जायचं.

हे लांबून बघणं इंग्रजांनाही शिकावं लागलं. वाय नदीकाठचा देखावा चित्र म्हणून कसा बघावा, हे विल्यम गिल्पिनने 1782 च्या पुस्तकात सांगितलं. त्याच नदीकाठी 1798 मध्ये वर्ड्सवर्थची ‘टिंटर्न ॲबी’ आली. तिचं लांबलचक शीर्षक नीट वाचा. कवी मठापासून काही मैल वर आहे आणि कवितेत मठ येतच नाही. मार्जोरी लेव्हिन्सन यांनी 1986 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं : कवितेतली शांतता मिळवायला काय काय नजरेआड करावं लागलं? त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. पण प्रश्न असा असतो, हे मला तिथं कळलं.

आता आपल्या भागात या. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. 1853 मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा तिथला कारभार टेलरकडे आला. तुळजापूर त्याच मुलखातलं. 1860 मध्ये तो मायदेशी परतला आणि 1863 मध्ये त्याची ‘तारा’ ही कादंबरी आली. काळ अफझलखानाचा, आणि नायिका तुळजापूरच्या शास्त्र्यांची बालविधवा मुलगी, भवानीची सेवेकरी.

तुळजापूरला गेला असाल तर आठवा. देवी डोंगराच्या माथ्यावर नाही. पायऱ्या उतरत खाली जायचं, वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ. इथं दर्शन म्हणजे देखावा नव्हे. मग चित्रं काढणारा, बालाघाटाची रानं घोड्यावरून पालथी घातलेला टेलर हे इंग्रजी वाचकाला कसं दाखवतो? निवेदक कड्यावर थांबतो की तारासोबत पायऱ्या उतरतो? हा झाला संशोधनाचा प्रश्न.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘साहेब लांबून बघतो, आपण जवळ जातो’ असं लिहून मोकळं होऊ नका. मी तसं एक प्रकरण लिहिलं आणि फाडलं. टेलरने उमेदीची सगळी वर्षं दख्खनमध्ये काढली. ताराच्या भक्तीची तो टिंगल करत नाही, आणि तरीही तो राज्यकर्त्यांपैकीच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर सापडतात, आणि काम तिथंच आहे.

पद्धत साधी ठेवा. कादंबरी इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. तुळजापूरची प्रकरणं घ्या आणि फक्त क्रियापदांखाली रेघा मारा. बघणं, दिसणं किती वेळा? उतरणं, शिवणं, वाकणं किती वेळा, आणि ते कोण करतं? मग तीच पेन्सिल घेऊन आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग वाचा. तिथं देव दळायला, गोवऱ्या वेचायला येतो. पॉइंट शोधून बघा, सापडतो का.