फोन कोण करणार, दार कोण उघडणार?

आज ज्यू लोकांबद्दल, म्हणजे यहुद्यांबद्दल बोलायचं आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागातल्या बायकांना हे लोक नवे नाहीत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांचं खरं नाव बेने इस्रायल. बोलायला तुमच्याआमच्यासारखी मराठी. अलिबागला इस्रायल आळी आजही आहे. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला सिनेगॉग म्हणतात. जुनी माणसं तिलाही 'मशीद' म्हणायची, आणि मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यांच्याच जुन्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात.

शनिवार हा त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. कडक पाळणारी माणसं या वेळात चूल पेटवत नाहीत, लिहीत नाहीत, फोनला हात लावत नाहीत. हे आधी सांगितलं, कारण पुढची गोष्ट या फोनापासूनच सुरू होते.

अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात 'ट्री ऑफ लाइफ' नावाचं सिनेगॉग आहे. तिथले धर्मगुरू, म्हणजे रब्बी, जेफ्री मायर्स. शहरातल्या ज्यू संस्थेने सुरक्षेसाठी एक जाणकार माणूस नेमला होता. तो सिनेगॉगांत जाऊन शिकवायचा. त्याने रब्बींना सांगितलं की शब्बाथलाही खिशात फोन ठेवा. रब्बींसाठी ही साधी गोष्ट नव्हती. पण त्यांच्या धर्मातच एक मोठा नियम आहे, की जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडता येतो, मोडायलाच हवा. रब्बींनी फोन ठेवायला सुरुवात केली. २७ ऑक्टोबर २०१८, शनिवारी सकाळी, प्रार्थना चालू असताना एक बंदूकधारी आत घुसला. रब्बींनी काही जणांना बाहेर काढलं आणि त्याच फोनवरून पोलिसांना बोलावलं. त्या दिवशी ११ माणसं गेली. बहुतेक वयस्कर, सर्वांत मोठ्या आजी ९७ वर्षांच्या.

फोन असूनही ११ गेली, मग शिकून काय उपयोग झाला, असं कुणाच्याही मनात येईल. आमच्याही आलं. पण शिकवणारे असं वचन देतच नाहीत की कुणाला काही होणार नाही. मदत लवकर यावी आणि जे वाचू शकतात ते वाचावेत, एवढ्यासाठी ते शिकवतात. अमेरिकेत हे काम २००४ पासून 'सिक्युअर कम्युनिटी नेटवर्क' ही संस्था करते. इंग्लंडमध्ये 'कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट' आहे. तिथे तर कितीतरी स्वयंसेवक शिकून दारावर उभे राहतात. नोकरदार, विद्यार्थी, घरच्या बायका, अशीच माणसं.

आता शिकवतात काय? पहिला धडा असतो नुसतं पाहण्याचा. सगळ्यांना घेऊन इमारतीत फिरायचं. बाहेर पडायची दारं किती? प्रत्येक दार आतून उघडतं का, की त्याच्यापुढे जुन्या खुर्च्या रचून ठेवल्यात? किल्ली कुणाकडे, आणि ती व्यक्ती नसली तर दुसरी कुणाकडे? वर्षानुवर्षं त्या जागेत येणारी माणसंसुद्धा मागचं दार कुठे उघडतं ते सांगू शकत नाहीत. आपण नेहमी ज्या दाराने आत येतो, घाबरल्यावर पाय त्याच दाराकडे वळतात. म्हणून प्रत्येकाला दोन वाटा दाखवतात आणि त्या वाटेने खरोखर चालायला लावतात.

मग कामं वाटायची. फोन एकच जण करणार, आणि तो आला नसेल तर कोण, तेही ठरलेलं. 'सगळ्यांनी करा' म्हटलं की कुणीच करत नाही, हे गटाच्या कामात तुम्हीही पाहिलं असेल. मुलांच्या वर्गात कोण जाणार. चाकाच्या खुर्चीवरच्या आजोबांना कोण नेणार. 'चला, बाहेर पडा' हे मोठ्याने कोण म्हणणार. हे शेवटचं काम अध्यक्षांना किंवा रब्बींना देतात, आणि शिकवणारे त्यांना बजावतात की तुम्ही घुटमळलात तर सगळी सभा घुटमळेल. बाहेर पडल्यावर कुठे जमायचं आणि माणसं कोण मोजणार, हेही कागदावर असतं. शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून याद्या आधीच लिहून ठेवलेल्या.

बंदूकवाला आला तर काय, याचं उत्तर ते तीन शब्दांत देतात: पळा, लपा, लढा. याच क्रमाने. पळता आलं तर सामान टाकून पळायचं. नाहीच जमलं तर दार लावून, दिवा मालवून, फोनचा आवाज बंद करून लपायचं. आणि दुसरा मार्गच उरला नाही तर हाताला येईल ते फेकायचं.

टेक्सास राज्यातल्या कॉलिव्हिल गावात हे खरोखर घडलं. १५ जानेवारी २०२२, पुन्हा शनिवार. थंडीत एक अनोळखी माणूस दारात आला. रब्बी चार्ली सिट्रन-वॉकर यांनी त्याला आत घेतलं, चहा दिला, चार शब्द बोलले. प्रार्थनेसाठी त्यांनी पाठ फिरवली आणि मागून बंदुकीचा खटका ऐकू आला. चौघे जण ओलीस. एकाला संध्याकाळी सोडलं. बाकीच्या तिघांनी दिवसभर त्या माणसाला बोलतं ठेवलं आणि बोलताबोलता हळूहळू दाराच्या जवळ सरकत राहिले. साधारण ११ तासांनी, रात्री, रब्बींनी खुर्ची उचलून त्याच्यावर फेकली आणि तिघेही दारातून पळाले. ओलिसांपैकी कुणाचाही जीव गेला नाही. रब्बी नंतर म्हणाले की पोलीस आणि या संस्थांनी वेळोवेळी जे शिकवलं, त्यामुळे आम्ही वाचलो.

इथे एक अवघड प्रश्न आहे. दारात आलेल्याला चहा देणं चूक होतं का? त्या रब्बींनी तसं कधी म्हटलं नाही. अनोळख्याचं स्वागत करायचंच, यावर ते ठाम राहिले. ज्यू धर्मातही परक्याला आपलं मानायला सांगितलं आहे. म्हणून या वर्गांत दारावरच्या माणसाला एक छान गोष्ट शिकवतात. येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून 'शब्बाथ शालोम' म्हणा, नाव विचारा, पहिल्यांदाच आलात का विचारा. पाहुण्याला बरं वाटतं. आणि ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो चुळबुळायला लागतो, उत्तर टाळतो. मग आतल्या माणसाला खूण करायची. आम्हाला ही रीत फार आवडली. नुसतं कुलूप लावण्यापेक्षा हे शहाणपणाचं वाटतं.

पण कुलपालाही किंमत आहे. ९ ऑक्टोबर २०१९ ला जर्मनीतल्या हाले गावी, त्यांच्या सर्वांत मोठ्या उपासाच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये पन्नासेक माणसं होती. बाहेर हल्लेखोर आल्याचं आतल्या रखवालदाराला कॅमेऱ्यात दिसलं. त्याने दारावर गोळ्या झाडल्या, पण बंद दार तुटलं नाही. आतले सगळे वाचले. बाहेर मात्र त्याने दोन निरपराध जीव घेतले. आपल्या मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरमध्ये नरिमन हाउसमध्ये काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. दोन वर्षांच्या मोशेला त्याच्या आयाने छातीशी धरून बाहेर काढलं. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगबाहेर पोलीस दिसतात आणि आत जाताना ओळखपत्र मागतात.

एवढं ऐकून वाटेल की हा सगळा वर्ग बंदुकीचाच आहे. तसं नाही. हल्ला क्वचित होतो, माणूस कोसळणं मात्र नेहमीचं. त्या मोठ्या उपासात, ज्याला योम किप्पूर म्हणतात, सुमारे २५ तास पाणीसुद्धा घेत नाहीत. तुम्ही निर्जळी उपास केलेत, तेव्हा भोवळ कशी येते ते सांगायला नको. म्हणून सेवेकऱ्यांना छाती दाबून श्वास परत आणणं शिकवतात. मधुमेहाची माणसं कोण, ते आधी माहीत करून घ्यायला सांगतात. जिवावर बेतत असेल तर उपास मोडायचा, हाही धर्माचाच नियम.

भळाभळा रक्त वाहत असेल तर काय, हेही शिकवतात. आधी स्वच्छ कापड जखमेवर, खोल असेल तर जखमेत भरून, दोन्ही हातांनी सगळा जोर लावून दाबायचं आणि दाब सोडायचा नाही. हातापायाचं रक्त तरीही थांबलं नाही, तर जखमेच्या चार बोटं वर, कोपर किंवा गुडघा सोडून, त्यासाठीच बनवलेला रुंद पट्टा रक्त थांबेपर्यंत आवळायचा. किती वाजता बांधला ते डॉक्टरांना सांगायचं. बारीक दोरी बांधायची नाही. मोठ्या जखमेत रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटंच मोलाची. आपल्याकडे १०८ लावला तरी ती मिनिटं आपल्याच हातात असतात.

आग आणि पूरही या वर्गात येतात. आग लागली तर माणसं आधी, मग तोरा. तोरा म्हणजे त्यांचा पवित्र ग्रंथ, चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला. एक लिहायला कित्येक महिने जातात. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात वणवा पेटला, तेव्हा पासाडीना गावचं शंभर वर्षांहून जुनं सिनेगॉग त्यात सापडलं. ज्वाळा पोचायच्या आधी काही जणांनी धावत जाऊन १३ तोरा गाडीत घालून बाहेर काढल्या. इमारत जळून गेली. त्यानंतर ती मंडळी शब्बाथला दुसरीकडे जमू लागली.