सुकाणूला हात न लावता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेला पहिला माणूस बहुधा मीच. गाव तापीकाठचं, धुळे जिल्ह्यातलं. पाणी म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे तापीचा पूर येतो, नाहीतर विहिरीचा तळ. असा मी पोटापाण्यासाठी व्यापारी जहाजांवर गेलो आणि काही वर्षं समुद्रावर काढून पुढे एका बंदराच्या वाहतूक नियंत्रण कक्षात बसलो. सुट्टीत घरी आलो की ओट्यावर चौकश्या व्हायच्या. माझे थोरले काका, म्हणजे आमचे नाना, यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला, "जहाज तू हाकस नही, मंग तठे बशीसन काय करस?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

खानदेशातल्या माणसाला सोपं जावं म्हणून भुसावळपासून सुरुवात करतो. रेल्वेच्या कंट्रोलमध्ये बसलेल्या माणसापुढे विभागातल्या गाड्यांचं चित्र असतं. कुठली मालगाडी बाजूला घ्यायची, कुठली एक्स्प्रेस पुढे काढायची, ते तिथे ठरतं. सिग्नल लाल झाला की ड्रायव्हर थांबतो. गाडीला रूळ सोडून कुठे जाता येत नाही, ही त्यातली मोठी सोय.

समुद्राला रूळ नाहीत. शिवाय जहाजाला ब्रेकही नाही! इंजिन उलटं फिरवून वेग मोडावा लागतो आणि पूर्ण वेगातलं भरलेलं मोठं जहाज थांबायला दोन-तीन किलोमीटर सहज घेतं. वेग फार कमी केला तर आणखी एक अडचण. सुकाणूवर पाण्याचा जोर राहत नाही आणि जहाज वळेनासं होतं. वारा आणि भरती-ओहोटीचा ओढ त्याला बाजूला रेटत असतो. भर समुद्रात हे चालून जातं, कारण जागा भरपूर. बंदराच्या तोंडाशी मात्र खोल पाण्याची वाट अरुंद असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उथळ पाणी, खडक, मासेमारीची जाळी. मुंबईत तर एकाच मुख्य वाटेनं मुंबई बंदराची जहाजंही जातात आणि न्हावा-शेव्याची, म्हणजे जेएनपीटीचीही. खांदेरीचं 1867 सालचं आणि प्राँग्जचं 1875 सालचं दीपगृह या वाटेवर अजून उभं आहे. पण नुसत्या दिव्यानं भागावं असे दिवस केव्हाच गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर राडार बंदरांच्या किनाऱ्यावर आलं. 1948 साली इंग्लंडात लिव्हरपूल बंदरानं असं राडार बसवलं. धुक्यात किनाऱ्यावरच्या माणसाला जहाजं दिसू लागली, तो ते रेडिओवरून जहाजांना कळवू लागला, आणि त्यातूनच आजची 'व्हेसल ट्रॅफिक सर्व्हिस' उभी राहिली. आम्ही तिला नुसतं व्हीटीएस म्हणतो.

आमच्या खोलीत पडद्यांची रांग असते. राडारच्या पडद्यावर समोर काय आहे ते ठिपक्यांनी दिसतं, पण ठिपक्याला नाव नसतं. नाव सांगतं ते एआयएस नावाचं यंत्र. जहाजावरचं हे यंत्र आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा दर काही सेकंदांनी आपोआप कळवत राहतं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे. दोन्ही पडदे एकावर एक ठेवले की चित्र पुरं होतं. पण एआयएस जहाजानं सांगितलं तेवढंच बोलतं, आणि राडारला लाटा आणि जोराचा पाऊस यांतून लहान लाकडी होडी निवडता येईलच असं नाही. ज्या होडीवर यंत्र नाही आणि जी राडारवरही धड उमटत नाही, ती आमच्या लेखी नसतेच. म्हणून प्रत्येक जहाजावर डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायला कायदा आजही सांगतो. यंत्रं कितीही असोत, त्यातून सुटका नाही.

हा कायदा म्हणजे समुद्रावरची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम. 1972 साली ते ठरले आणि 1977 पासून जगभर लागू झाले. आपण रस्त्यावर डावीकडून जातो, समुद्रावर उजवी बाजू धरायची. अरुंद वाटेत तर उजव्या काठाला चिकटूनच. दोन जहाजं समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, म्हणजे एकमेकांची डावी बाजू एकमेकांसमोरून जाते. मागून येऊन पुढे जाणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं. आणि मोकळ्या पाण्यात दोघांच्या वाटा आडव्या येत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज आहे, त्यानं वाट द्यायची.

रात्री हे कसं कळणार? त्याची युक्ती मला आजही आवडते. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा. माझ्या उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाची डावी बाजू मला दिसते, म्हणजे लाल दिवा दिसतो. त्याच क्षणी त्याला माझा हिरवा दिसत असतो. ज्याला लाल दिसला त्यानं वाट द्यायची, ज्याला हिरवा दिसला त्यानं दिशा आणि वेग न बदलता सरळ जायचं. वीज नाही, सिग्नलचा खांब नाही, आणि तरी भर समुद्रात चौकातला सिग्नल तयार!

आपल्या हायवेवर अपघात झाला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "साइड माझी होती!" समुद्रावर या वाक्याला किंमत नाही. हिरवा दिसणाऱ्यानं सरळ जायचं खरं, पण समोरचा वाट देत नाही असं दिसलं तर त्यानंही हालचाल करायची, आणि टक्कर अटळ दिसू लागली तर करायलाच हवी. ज्याची साइड होती तोही जबाबदारीतून सुटत नाही.

टक्कर होणार की नाही हे ओळखण्याची रीत तर शेताच्या वाटेवरही तपासून पाहता येते. तुम्ही मोटारसायकलवरून वस्तीच्या रस्त्यानं हायवेकडे निघालात आणि बाजूनं ट्रक येतोय. तो ट्रक तुमच्या आरशापासून हळूहळू मागे सरकत गेला तर तुम्ही आधी निघाल. पुढे सरकला तर तो आधी निघेल. पण तो आरशाशी जिथल्या तिथे राहून नुसता मोठा होत गेला, तर तुम्ही दोघं एकाच वेळी एकाच जागी पोचणार आहात. जहाजावर आरशाच्या जागी कंपास. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, याचा अर्थ धोका.

आता नानांचा प्रश्न. या सगळ्यात किनाऱ्यावरचा माणूस काय करतो? तो आत येणाऱ्याला सांगतो की समोरून कोण येतंय, पाणी किती आहे, पायलट कुठे चढेल. ज्याला बंदराची खडान्‌खडा माहिती आहे असा हा पायलट चालत्या जहाजावर दोराच्या शिडीनं चढतो. वाट मोकळी नसेल तर आम्ही 'आत शिरू नका' म्हणतो, एसटी स्टँडावर फलाट रिकामा होईपर्यंत गाडी बाहेर थांबवतात तसं. पण सुकाणू किती अंश फिरवायचं, इंजिन किती ठेवायचं हे आम्ही सांगत नाही. सांगूच नये. जहाज कसं वळतं, ते किती भरलंय, त्या घडीला पुलावरून काय दिसतंय, हे कॅप्टनला ठाऊक असतं, आम्हाला नाही. आम्ही काय व्हायला हवं ते सांगतो, कसं करायचं ते त्याचं. पायलट चढला तरी कॅप्टनची जबाबदारी संपत नाही.

म्हणजे सगळं चित्र दिसतं त्याच्या हातात सुकाणू नाही, आणि सुकाणू आहे त्याला सगळं चित्र दिसत नाही. दोघांमध्ये दुवा फक्त रेडिओवरच्या शब्दांचा.

वाट चुकण्याची किंमत काय असते ते मुंबईनं पाहिलं आहे. 7 ऑगस्ट 2010, शनिवार. सकाळी न्हावा-शेव्याहून बाहेर पडलेलं 'एमएससी चित्रा' हे कंटेनर जहाज आणि आत येणारं 'खलिजिया-3' यांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. चित्रावर सुमारे 1,200 कंटेनर होते. जहाज प्राँग्ज दीपगृहाच्या परिसरात उथळ पाण्यात रुतून एका बाजूला कलंडलं आणि शेकडो कंटेनर समुद्रात पडले. काहींत कीटकनाशकं होती. इंधनाचं तेल शेकडो टन सांडलं, किनाऱ्याला आणि खारफुटीला लागलं. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, आणि मुंबई-रायगडच्या कोळ्यांची मासळी कोणी घेईना. खलाशी सगळे वाचले, हे नशीब. दोष कोणाचा किती याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण पुढचा भाग लक्षात घ्या. बुडालेले आणि तरंगणारे कंटेनर वाटेत असल्यामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. दोन जहाजांची गाठ चुकीच्या जागी पडली आणि देशाच्या एवढ्या मोठ्या दाराला कडी लागली.

ते दार आपलंही आहे. आज रावेर-सावद्याची केळी तेरा-चौदा अंशांवर गार ठेवून कंटेनरनं न्हावा-शेव्याला जातात आणि तिथून आखाती देशांत. वाट बंद झाली तर कंटेनर धक्क्यावर विजेला जोडून उभा राहतो, पण केळीचं पिकणं थांबत नसतं, ते फक्त लांबवलेलं असतं. घड कापल्याच्या दिवसापासून घड्याळ चालूच असतं.

लहान नावांचाही विसर पडू नये. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर आदळली. पंधरा माणसं गेली. अशा चपळ बोटींच्या बाबतीत किनाऱ्यावरून हाक मारेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

शब्दांच्या दुव्याबद्दल म्हणालो. जहाजावरचा कॅप्टन युक्रेनचा, हाताखालचा अधिकारी फिलिपाइन्सचा आणि किनाऱ्यावर मी, धुळे जिल्ह्यातला. तिघांचं इंग्रजी तीन तऱ्हांचं. म्हणून 2001 साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं ठरावीक वाक्यं मंजूर केली. बोलण्याआधी एक खुणेचा शब्द उच्चारायचा: 'इन्फर्मेशन', 'वॉर्निंग', 'ॲडव्हाइस' किंवा 'इन्स्ट्रक्शन'. पुढे येतंय ती नुसती माहिती आहे, धोक्याचा इशारा आहे, सल्ला आहे की आज्ञा, हे ऐकणाऱ्याला आधीच कळावं. नवीन असताना मला हे पोरखेळ वाटायचे. शहाण्या माणसाला वाक्यावरून कळत नाही काय?

जुलैतली एक रात्र. बंदराचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती. पाऊस असा की राडारच्या पडद्यावर अर्धा भाग पांढरा. एक जहाज बाहेर निघालं होतं, वळणापर्यंत यायला त्याला वीसेक मिनिटं लागणार होती. दुसरं वाटेच्या तोंडाशी उभं होतं, त्याला थांबवायचं होतं. त्याच्याशी बोलणं चालूच होतं, म्हणून नाव आणि खुणेचा शब्द गाळून मी एकदम म्हणालो, "डू नॉट एंटर द चॅनेल नाउ." उत्तर आलं, "ओके, थँक यू." मी समाधानानं चहाचा कप उचलला.

चार मिनिटांनी पाहतो तर तो ठिपका वाटेत शिरलेला! हाक मारली. कॅप्टन चकित होऊन म्हणाला, तुम्हीच तर शिरायला सांगितलंत. वाद घालायला वेळ नव्हता. बाहेर येणाऱ्याला परिस्थिती सांगितली, त्यानं वेग उतरवला. आत शिरलेला उजव्या काठाला इतका दाबून गेला की तळ टेकतो की काय, असं मला वाटलं. दोघं एकमेकांजवळून गेले. त्या पाच-सात मिनिटांत मी एकदाही खुर्चीला टेकलो नव्हतो.

आमच्या खोलीतलं प्रत्येक बोलणं टेप होतं. पहाटे वरिष्ठांनी मला शेजारी बसवून ते लावलं. मी बटण पुरतं दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात केली होती. पहिले दोन शब्द रेडिओनं खाल्ले होते. टेपवर स्वच्छ ऐकू येत होतं, "...एंटर द चॅनेल नाउ."

मी जहाजाचं नाव आणि 'इन्स्ट्रक्शन' हा शब्द आधी घेतला असता, तर फार तर नावाचा तुकडा गेला असता आणि 'डू नॉट' शाबूत पोचलं असतं. आणि त्याच्या 'ओके'वर न थांबता, काय ऐकलंत ते परत सांगा म्हटलं असतं, तर चूक चार सेकंदांत पकडली असती. चार मिनिटं लागली.

वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी एका कागदावर ओळीनं लिहिलं: बटण, श्वास, नाव, खुणेचा शब्द, निरोप, आणि शेवटी 'परत म्हणवून घेणे'. तो कागद त्यांनी माझ्या मायक्रोफोनच्या बुडाशी चिकटवला. चहाचे डाग पडून तो दोनदा खराब झाला, दोन्ही वेळा मी स्वतःच नवा लिहून लावला. पुढच्या सुट्टीत नानांना हा सगळा किस्सा सांगितला. ते बराच वेळ हसले, आणि त्यानंतर दुकानात काही आणायला धाडलं की मला यादी परत म्हणून दाखवायला लावू लागले.