भुंगा सोडणार सरकार, भरपाई देणार कोण?

काँग्रेस गवत उपटून ज्या शेतमजूर बायांच्या हातांची कातडी सोलवटते, त्यांना या गवताची ओळख करून देण्याची गरज नाही. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर माजले. हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत आणला गेला. चाचण्या झाल्या आणि १९८४ मध्ये तो मोकळ्या रानात सोडण्यात आला. भुंगा गवत खातो, यात वाद नाही.

पुढे हाच भुंगा कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर दिसला. ओरड झाली, सत्यशोधन समिती नेमावी लागली. गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगा ती कुरतडतो, पण सूर्यफुलावर त्याची पिढी वाढत नाही, असे शास्त्रज्ञांना आढळले. शास्त्रापुरते प्रकरण मिटले. पण समजा, चाचणी चुकली असती तर? सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. मग नुकसान कोणाच्या माथी?

योगायोग पाहा. त्याच १९८४ साली ऑस्ट्रेलियाने जैविक नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला. तिथे एक जांभळ्या फुलांचे तण आहे. बहुतेक शेतकरी त्याला शाप म्हणतात. पण दुष्काळात जनावरांना तेच चरायला मिळते आणि मधमाशीपालकांना त्यातूनच मध मिळतो. सरकारी संशोधन संस्था त्यावर कीटक सोडणार म्हणताच पशुपालक व मधपालक १९८० मध्ये कोर्टात गेले आणि त्यांनी मनाई हुकूम मिळवला. मग आलेल्या कायद्याने आधी जाहीर सूचना, चौकशी, हरकती असा मार्ग घातला आणि त्यानंतर मंजूर झालेल्या कीटकाबाबत दावा लावण्याचे दार बंद केले. हा सौदा मला पूर्ण पटत नाही. पण निदान दार बंद करण्यापूर्वी लोकांना विचारण्याची सोय तरी केली!

आपल्याकडे काय? परदेशी कीटक आणण्याचा परवाना २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली मिळतो. त्या आदेशाचे मूळ इंग्रजांच्या १९१४ च्या कायद्यात आहे आणि तो कायदा सद्हेतूने काम करणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण देतो. अधिकारी सुटला. शेतकऱ्याचे काय? हरित न्यायाधिकरणाकडे जावे तर २०१० च्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत १९१४ चा कायदा नाही. म्हणजे कलम ८० ची नोटीस द्या, दोन महिने थांबा आणि दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवा.

तरीही वाट अगदीच बंद नाही. इंग्लंडमधील १८६८ च्या रायलंड्स खटल्यात, धोकादायक वस्तू जागेबाहेर निसटली तर ती बाळगणारा जबाबदार ठरला. मात्र ‘कायद्याने परवानगी होती’ हा बचाव त्यात चालतो. (इथे तर वस्तू निसटत नाही, मुद्दाम सोडली जाते!) श्रीराम वायुगळतीच्या खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी असले सर्व अपवाद काढून टाकले. भुंगा ‘घातक’ कसा, हे सरकारी वकील विचारणारच. राज्याच्या सार्वभौमत्वाची ढालही पुढे येईल. तेव्हा १९९४ चा नागेंद्र राव निकाल दाखवावा. जप्त केलेले खत निष्काळजीपणे खराब होऊ दिले म्हणून त्यात सरकारला भरपाई द्यावी लागली.

पण हा सारा युक्तिवाद ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यासाठी. गायरान कसणाऱ्याचे पीक पंचनाम्यात येत नाही आणि हंगाम बुडालेल्या मजूर बाईची मजुरी तर ‘नुकसान’ या शब्दातच बसत नाही. २०१३ मध्ये लोकसभेत कृषी जैवसुरक्षा विधेयक आले होते, ते २०१४ मध्ये सभागृहाबरोबरच बारगळले. पुन्हा असे विधेयक येईल तेव्हा सोडण्यापूर्वी ग्रामसभेत सुनावणी, भरपाईचा आगाऊ निधी आणि त्यात कसणाऱ्याचा व मजुराचा हिस्सा, या तीन मागण्या घेऊन आपल्या संघटनांनी हरकती नोंदवाव्यात. तोवर पानावर किडा दिसला तर तो बाटलीत भरून ठेवा आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.