मुर्री : गांव कीं नगर ?

नागपुराहून रेल्वेनें पूर्वेस निघालें, कीं वैनगंगेचा पूल ओलांडीपर्यंत खिडकीबाहेरचा देखावा पार पालटलेला असतो. कापसाची काळी रानें मागें पडतात आणि बांध्याच बांध्या दिसूं लागतात. चोहों बाजूंस मातीचे बांध घालून पावसाचें पाणी जेथल्या तेथें अडविणारीं हीं धानाचीं शेतें. मधूनमधून एखादी बोडी, एखादा जुना मालगुजारी तलाव. सुमारें १३० किलोमीटर गेल्यावर गोंदिया येतें. त्या शहराच्या शेजारींच मुर्री ही वस्ती आहे. आज बोलावयाचें आहे तें मुर्रीच्या निमित्तानें : शहराला खेटून असलेल्या वस्तीला गांव म्हणावें कीं नगर, हें कशावरून ठरतें, आणि तें ठरवितांना कोणाची गणना होते व कोणाची राहून जाते ?

प्रथम भूमीकडे पाहूं. समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर उंचीचा हा सपाट, किंचित् लहरी प्रदेश. वर्षाकांठीं येथें १,३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पावसावर धान उत्तम होतें; म्हणून येथें धान पिकतें, आणि धान पिकतें म्हणून भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. परंतु धान तर सगळ्या झाडीपट्टींत पिकतें. मग शहर गोंदियासच कां वसलें ? याचें उत्तर रेल्वेच्या रुळांत आहे. छत्तीसगडचें धान्य बाहेर काढण्यासाठीं नागपूर ते राजनांदगांव हा मीटर मापाचा मार्ग १८८२ सालीं पुरा झाला. पुढें बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेऊन रुंद केला आणि तो मुंबई-हावड्याच्या हमरस्त्याचा भाग बनला. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून उत्तरेस नैनपूर-जबलपुराकडे अडीच फुटी लहान रूळ गेले. मागाहून दक्षिणेस नागभीड-चांद्याकडेहि गेले. चार दिशांचे रूळ जेथें एकत्र आले तेथें दलाल आले, हमाल आले, गिरणीवाले आले, तेंदूपत्त्याचा व्यापार आणि विडीचे कारखाने आले. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी या सर्व भाषा एकाच बाजारांत ऐकूं याव्या, हें त्या रुळांचेंच देणें होय. १९५६ सालीं हा मुलूख मध्यप्रांताच्या वारसांतून निघून मुंबई राज्यांत आला आणि पलीकडचा बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला; बाजारानें मात्र ही सीमा फारशी मनावर घेतली नाहीं. गोंदिया स्वतः भंडारा जिल्ह्यांतून निघून १ मे १९९९ रोजीं जिल्ह्याचें ठिकाण झालें.

आतां आंकडे. २००१ सालीं गोंदिया नगरपालिकेच्या हद्दींत सुमारें १ लक्ष २१ हजार लोक होते. २०११ सालीं १,३२,८१३ झाले. दहा वर्षांत शेंकडा दहाच्या आंतबाहेर वाढ. जिल्ह्याची लोकसंख्या याच काळांत १२,००,७०७ वरून १३,२२,५०७ झाली. म्हणजे तीहि शेंकडा दहाच. हें थोडें नवलाचें नाहीं काय ? जंक्शन, बाजारपेठ, नवें जिल्हाठाणें, आणि शहर वाढावें तें खेड्यांच्याच चालीनें ! मला वाटतें, याचें कारण शहराच्या आंत शोधूं नये, त्याच्या हद्दीच्या रेषेवर शोधावें. जागा स्वस्त ती हद्दीबाहेर. मुर्री, कुडवा, फुलचूर, कटंगी अशा भोंवतालच्या नांवांत शहराचीच वाढ जाऊन बसत असली पाहिजे. माणूस गोंदियाच्या बाजारांत कमावतो आणि मोजला जातो दुसऱ्या नांवाखालीं.

अशा वस्तीसाठीं आपल्या जनगणनेनें एक कसोटी ठेविली आहे. वस्ती किमान ५,००० असावी. दर चौरस किलोमीटरास किमान ४०० माणसें असावीं. आणि मुख्यत्वें काम करणाऱ्या पुरुषांपैकीं शेंकडा ७५ तरी शेतीबाहेरच्या उद्योगांत असावे. या तिन्ही गोष्टी जुळल्या, कीं तेथें नगरपालिका नसली तरी जनगणना त्या वस्तीस नगर म्हणते. २००१ सालीं भारतांत अशीं नगरें १,३६२ होतीं. २०११ सालीं तीं सुमारें ३,९०० झालीं. अमेरिकेंतहि छोट्या गांवांची अशीच अडचण आहे. तेथें स्वतःची नगरसभा नसलेल्या वस्तीसहि जनगणनेपुरतें नांव व सीमा देतात, आणि नागरी वस्ती ठरवितांना २०२० च्या गणनेसाठीं ५,००० माणसें किंवा २,००० घरें पाहिलीं गेलीं. कोण नांगर धरतो हें तेथें विचारीत नाहींत. आपण विचारतों, पण तें फक्त पुरुषांपुरतें.

येथें माझें मन अडतें. २०११ सालीं गोंदिया जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ९९९ स्त्रिया होत्या. सबंध महाराष्ट्रांत ९२९. आणि धान हें पीक तर स्त्रियांच्या हातांवर उभें आहे. आषाढांत गुडघाभर चिखलांत वांकून रोवणी करणाऱ्या बहुतकरून स्त्रियाच. निंदण त्यांचें, कापणींतहि त्यांचा मोठा वांटा. घरधनी गिरणींत हमाली करतो व घरची बाई आसपासच्या बांध्यांत रोवणीस जाते, असें घर कसोटीच्या हिशेबीं बिगरशेतीचें ठरतें. शिवाय वर्षांतून सहा महिन्यांहून कमी काम करणारास जनगणना मुख्य नव्हे तर सीमांत काम करणारा म्हणते. रोवणी आणि कापणी मिळून कितीसे दिवस भरणार ?

आणि हा केवळ नांवाचा वाद नाहीं. जनगणनेनें नगर म्हटल्यानें नगरपालिका मिळत नाहीं. ती देणें न देणें राज्य सरकारच्या हातीं. तोंवर ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नांत दाट वस्तीचीं गटारें, नळ व कचरा सांभाळावा लागतो. उलट खरोखर नगर व्हावें, तर कर वाढतात, आणि महाराष्ट्रानें १९७७ सालीं केलेला रोजगार हमीचा कायदा तर ग्रामीण भागासाठीं होता. ज्या घरांत मिळकत गिरणीची, त्यास नगर हवेंसें वाटेल. ज्या घरांत रोवणी संपल्यावर हात रिकामे होतात, त्यास गांवच बरा. एका गल्लींत हीं दोन्ही घरें शेजारी शेजारी असूं शकतात.

२०२१ ची गणना झाली नाहीं. पुढील गणनेसाठीं १ मार्च २०२७ ची पहिली घटका धरली जाईल, असें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. त्यापूर्वींच्या फेब्रुवारींत, जेथें पाण्याची सोय आहे तेथें उन्हाळी धानाची रोवणी चालू असेल वा नुकतीच उरकली असेल. गणक दारांत येईल आणि घरांतील प्रत्येकानें गेल्या वर्षांत काय काम केलें तें विचारील. बाईबद्दल बहुधा पुरुषच उत्तर देईल, "ती घरींच असते". आणि ती त्या वेळीं बांधीवर असेल.