पॉम, स्पिट्झ आणि मे महिन्यातली हजामत

पांढराशुभ्र, गुबगुबीत, सारखा भुंकणारा कुत्रा दिसला की आपण सगळे एका सुरात ओरडतो, "पॉमेरियन!" मित्रांनो, बहुतेक वेळा तो पॉम नसतोच. तो असतो इंडियन स्पिट्झ. 'हम आपके हैं कौन' (१९९४) मध्ये क्रिकेटची अंपायरगिरी करणारा टफी आठवतोय ना? तोच तो.

स्पिट्झ म्हणजे जर्मनमध्ये टोकदार. टोकदार कान, टोकदार तोंड आणि पाठीवर वळलेली झुपकेदार शेपूट, हे सगळं खानदानच असं. पॉम त्यातलाच एक. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश, आज थोडा पोलंडमध्ये, थोडा जर्मनीत. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिने १७६७ मध्ये तिकडची जोडी आणली, तेव्हा ही कुत्री चांगली दणकट होती. छोट्या पॉमची फॅशन व्हिक्टोरिया राणीची. १८८८ मध्ये फ्लॉरेन्सला तिला मार्को नावाचा पॉम आवडला आणि मग ब्रीडर लोक त्यांना लहान लहान करत गेले. आजचा शोमधला पॉम दीड ते सव्वातीन किलोचा, म्हणजे थर्मोच्या दोन जाड पुस्तकांएवढा! आपला स्पिट्झ मात्र इंग्रजांनी आणलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथेच घडला आणि इथल्या हवेला रुळला. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला वेगळी जात मानतो.

आता मुद्द्याचं. एप्रिल उजाडला की ज्याला त्याला या कुत्र्याची दया येते. "बिचाऱ्याला किती उकडत असेल, टक्कल करून टाका!" जळगावला आमच्या शेजारच्या काकूंनी खरंच मशीन फिरवून घेतलं. चार दिवसांत पाठीची कातडी लालभडक, आणि केस परत आले ते कुठे आहेत, कुठे नाहीत असे. वर्ष झालं तरी तसेच आहेत.

मी मेकॅनिकलची, त्यामुळे हीट ट्रान्सफर आणल्याशिवाय राहवत नाही. या कुत्र्याच्या अंगावर दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि वर लांब, राठ केस. दोन्हींमध्ये हवा अडकते आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. आपल्या रजईतही खरं काम कापसात अडकलेली हवाच करते. वरचे केस उन्हाचा मारा स्वतःवर घेतात, तो कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. आता तुम्ही म्हणाल, रजई आतली उष्णताही अडवणारच की! बरोबर, थोडी अडवते. पण आपल्यासारखा अंगभर घाम कुत्र्याला येतच नाही. थोडा पंजांना येतो, बस. त्याचा कूलिंग टॉवर म्हणजे जीभ. धापा टाकून पाणी उडवायचं आणि रक्त थंड करायचं. केस काढून या कूलिंग टॉवरला मदत शून्य, उलट छप्पर उडालं.

मग करायचं काय? ब्रश! आतली लोकर वर्षातून साधारण दोनदा झडते आणि ती तिथेच अडकून राहिली की नमद्यासारखी घट्ट बसते, हवा खेळत नाही. म्हणून एक दिवसाआड तारांच्या ब्रशने मुळापर्यंत विंचरायचं. कानामागे आणि काखेत गाठी जास्त होतात, तिथे हळू हात. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे, पण नंतर आतपर्यंत कोरडं करा, नाहीतर वास येतो आणि खाजही सुटते. फिरायला सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर. डांबरी रस्त्यावर आपला हात ठेवून बघा, पाच सेकंद धरवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. छोट्या पॉमच्या गळ्याला पट्ट्याने हिसके देऊ नका, श्वासनलिका नाजूक असते. आणि मेसची भाजी प्लीज नको! कांदा त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. चॉकलेट आणि द्राक्षंही बंद.

हे सगळं आपल्या स्टाफ क्वार्टर्समधल्या स्नोईसाठी. रेक्टर सर मे महिन्यात गावाला जातात, तेव्हा तो मेसच्या काकांकडे असतो. त्याचा ब्रश मेसच्या खिडकीत ठेवलेला आहे. बॅकलॉगवाल्यांनो, सुट्टीत तुम्ही इथेच असाल, तर रोज दहा मिनिटं द्या आणि दुपारी त्याच्या भांड्यात पाणी आहे की नाही तेवढं बघा. धापा थांबत नसतील, लाळ गळत असेल आणि तो झोकांड्या खात असेल, तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. कात्री मात्र कुणी हातात घेऊ नका.